दोन चुलींची घरपट्टी

समजा, घरपट्टीचा कागद तुमच्या हातात पडला आहे. गेल्या साली जी रक्कम होती तिच्या जवळजवळ दुप्पट त्यावर लिहिली आहे. घर तेच, भिंती त्याच, माळवदावर यंदा नवी मातीसुद्धा टाकलेली नाही. काय कराल? आधी कारकुनाच्या नावाने चार शिव्या द्याल. मग कुणीतरी सांगेल की तक्रार करता येते, मुदतीत अर्ज दिला तर साहेब बोलावून ऐकून घेतात. मग तुम्ही कचेरीत जाल, भिंतीला डकवलेल्या यादीत आपल्या घराचा नंबर शोधाल. हे घर भाड्याने दिले तर वर्षाला किती येईल याचा अंदाज तिथे मांडलेला असतो आणि पट्टी त्या अंदाजावर बसते. तुम्हाला एवढेच पटवायचे असते की, साहेब, इतके भाडे या घराला कुणी देणार नाही. पावसात भिंत गळते, बोळात गाडी शिरत नाही, पाणी लांबून आणावे लागते. हे सगळे तोंडपाठ करून तुम्ही ओळीत उभे राहाल. पाळी आली की साहेब मान वर न करता विचारतील, “घरात राहतं कोण कोण?”

याचे उत्तर सोपे आहे असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते.

बाळीवेशीजवळच्या आमच्या बोळात शिवबाई राहतात. उंच, हाडाने दणकट, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. शेंगांची चटणी करून विकणे हा त्यांचा धंदा. भाजलेले दाणे, तिखट, लसूण नि मीठ उखळात घालून तेल सुटेपर्यंत कुटायचे आणि दुपारी पाटी घेऊन बाजारात बसायचे. गिरणीच्या पहिल्या भोंग्याला बोळातले पुरुष बाहेर पडतात तेव्हा त्यांच्या घरातून मुसळाचा आवाज सुरू झालेला असतो. त्यांचे यजमान ईरप्पा आणि धाकटे दीर शरणप्पा यांचे गोणपाटाचे दुकान होते. इन्फ्लुएंझाच्या साथीत ईरप्पा गेले. पुढे काही वर्षांनी शरणप्पाही गेले. दोघांनाही मूल नव्हते. दुकान मोडले आणि घरात दोन जावा उरल्या, थोरल्या शिवबाई आणि धाकट्या महानंदा.

नवरे असतानाच त्या वेगळ्या झाल्या होत्या. घराचे कागद ईरप्पांच्या नावावर, पण तोंडी वाटणी झाली होती. पुढचा सोपा थोरलीकडे, मागची खोली धाकटीकडे, स्वयंपाकघर दोघींचे. त्या एका स्वयंपाकघरात दोन चुली होत्या, एक या भिंतीला, दुसरी समोरच्या. स्वयंपाकाला बसल्या की दोघींच्या पाठी एकमेकींकडे. भांडण मोठ्या तव्यावरून झाले असे बोळात सांगतात. शिवबाईंना विचारले तर “तवा निमित्त,” एवढेच म्हणतात आणि विषय संपवतात.

त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. म्हणजे थेट बोलत नव्हत्या. एका घरात राहायचे तर काही बोलल्याशिवाय चालत नाही. मग त्या उखळाशी बोलत. मी लहानपणी त्यांच्या दारात बसून हे ऐकत असे आणि मला त्यात काही विचित्र वाटत नसे.

“उखळा,” महानंदा म्हणायची, “काही लोकांना लसूण सोलायचा कटाळा. चटणीत सालं येत्यात म्हणं. बाजारात बोलत होत्या बाया.”

शिवबाई मुसळ थांबवून म्हणायच्या, “उखळा, ज्यांच्या तोंडात दात हायत त्यांना सालं लागत न्हाईत.”

“उखळा, पाऊस आला. कुणाचं तरी लुगडं वाळत हाय म्हणावं.”

“उखळा, कुणाला डोळं हायत तर त्यांनी काढावं की.”

आणि लुगडे काढलेले असायचे. घडी घालून चौकटीपाशी ठेवलेले.

गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर महानंदाची भावजय अंथरुणाला खिळली. भाऊ पंचाक्षरी अक्कलकोटच्या पुढे एका खेड्यात शेती करतो. महानंदाने गाठोडे बांधले, मागच्या खोलीला कुलूप घातले, उखळापाशी येऊन म्हणाली, “भावाकडं चाललेय.” केव्हा परत येणार ते सांगितले नाही. शिवबाईंनी विचारले नाही. पुढे भावजय वारली, तिचे दिवसही झाले, महानंदा आली नाही.

शिवबाईंनी मात्र समोरच्या चुलीचे पोतेरे सोडले नाही. रोज सकाळी आपली चूल सारवली की तिचीही सारवायच्या. आठवड्यातून एकदोनदा तीत गोवरीचा तुकडा पेटवायच्या. “मुंग्या घर करत्यात,” असे कारण द्यायच्या. बोळात कुणी त्याकडे लक्ष दिले नाही, कारण स्वयंपाकघर आत होते आणि बाईचा स्वभाव फटकळ होता.

घरमोजणीचा कारकून आला तो नेमका गोवरी पेटवल्याच्या सकाळी. मी तेव्हा पुण्याहून ओव्हरसियरचे शिक्षण संपवून नोकरीची वाट पाहत घरी बसलो होतो. सरकारी टेप कशी धरतात ते बघायला मी त्याच्या मागे मागे फिरत होतो. त्यामुळे पुढचे सगळे माझ्यासमोर झाले.

“चुली किती?” कारकुनाने उंबऱ्यातून विचारले. एका घरात किती बिऱ्हाडे आहेत हे तो चुलींवरून ठरवत होता. आमच्याकडे ते बरोबरच असते.

“दोन.”

“दोन्ही पेटतात?”

“पेटत्यात की. धूर दिसंना व्हय?”

“दुसरी कुणाची?”

“जावंची.”

“एकत्र जेवता?”

आता इथे दुसऱ्या कुणीही सांभाळून उत्तर दिले असते. शिवबाईंनी मान ताठ केली. “एकत्र? तिच्या हातचं मी पानीबी पीत न्हाय. ती येगळी, मी येगळी. मागली खोली तिची. माजा काय संबंद?”

“भाडं किती देते?”

“भाडं द्यायला ती काय परकी हाय? तुमी तुमच्या घरात भाडं देता व्हय, कारकून?”

कारकून घाईत होता. बोळ अजून पुष्कळ उरला होता. त्याने खोलीचे कुलूप पाहिले, गोवरीचा धूर पाहिला आणि वेगळे बिऱ्हाड म्हणून नोंद केली. भाडे बाई सांगत नाही म्हटल्यावर बोळात चालू असलेला दर लावला. यात त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. बाईंनी सांगितलेला एकही शब्द खोटा नव्हता.

कागद आला तेव्हा शिवबाई तो घेऊन आमच्याकडे आल्या. “तम्मा,” त्या मला लहानपणापासून तम्माच म्हणतात, त्यांच्या घरी धाकट्या भावाला तसे म्हणतात, “तुजं ते शिक्षण ह्या कामाला येतंय का बघ. एवढं भरायचं तर चटणी सोन्याच्या भावानं इकावी लागंल.”

मला हुरूप आला. मी सबंध घर मोजले. कारकुनाने मापे बाहेरून घेतली होती आणि पांढऱ्या मातीच्या भिंती तर हातभर जाड, म्हणजे भिंतीत गेलेली जागासुद्धा राहण्याच्या जागेत धरली गेली होती. मी बाहेरची रेघ, आतली रेघ काढून प्रमाणात नकाशा तयार केला, शाईने गिरवला. शिवबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. “ह्यात मी कुटं बसते?” त्यांनी विचारले. मी सोप्यातली जागा दाखवली. “आन् ती?” मी मागच्या खोलीचा चौकोन दाखवला. त्यावर त्यांनी बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही.

शेजारच्या गोजाबाईंना नकाशाचे काही कौतुक वाटले नाही. “कागद कशाला रंगवतोस रं? साहेब परत बघायला येणार न्हवं? त्याच्या आदी ती समोरली चूल फोडून टाका म्हणावं. पहारीचा एक घाव. चूल न्हाय तर बिऱ्हाड न्हाय, बिऱ्हाड न्हाय तर पट्टी न्हाय.”

“तुज्या घरची फोड,” शिवबाई म्हणाल्या.

“माज्या घरी एकच हाय. ती फोडली तर खाऊ काय, तुजी चटणी?”

“खा की. तेवढीच जीभ सुदरंल.”

गोजाबाई हसल्या, पण जाता जाता गंभीर झाल्या. “ती काय आता येत न्हाय, शिवबाई. आली असती तर कवाच आली असती.”

 त्या दिवशी शिवबाई बाजारात गेल्या नाहीत.

सुनावणीला मी बरोबर गेलो. कचेरीच्या ओसरीवर गर्दी होती. आमच्या पुढे एक कापडवाले शेठ होते, त्यांचा मजला मोडकळीला आला आहे, तिथे भाडेकरू राहायला भितो, असे ते साहेबांना कळवळून सांगत होते.

“मग तुम्ही स्वतः कुठं झोपता, शेठ?” साहेबांनी विचारले.

“मजल्यावरच.”

“भीती वाटत नाही?”

“वाटते ना साहेब. पण खाली कापडाच्या गाठी ठेवल्यात.”

सगळी ओसरी हसली. साहेबही हसले. माणूस वाईट नव्हता. आमचा नकाशा त्यांनी पाहिला, भिंतींच्या जाडीचा मुद्दा मान्य केला, थोडी रक्कम तिथल्या तिथे कमी केली. मला वाटले, जिंकलो. मग त्यांनी नोंदीवर बोट ठेवले.

“बाई, घरात राहतं कोण कोण?”

“मी.”

“आणि दुसरी चूल?”

“जावंची.”

“त्या कुठं आहेत?”

“भावाकडं गेलीय.”

“कधी?” शिवबाईंनी महिना सांगितला. साहेबांच्या कपाळावरची आठी गेली. “मग सोपं आहे. खोलीला कुलूप, राहायला कुणी नाही. तेवढा भाग रिकामा म्हणून लिहितो, त्याची सूट मिळते. रिकामा आहे असं सांगा, अंगठा करा, झालं.”

मी शिवबाईंकडे पाहिले. सगळा प्रश्न एका शब्दावर सुटत होता. शिवबाईंनी पदर सावरला.

“रिकामा न्हाय,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे? कोण आहे तिथं?”

“तिचं सामान हाय. तिचं जातं हाय. कवाबी येईल ती. रिकामा म्हणून मी कसं लिवून देऊ? उद्या आली तर म्हणंल, अक्कानं मला कागदावर घालवलं.”

“बरं. तर मग त्या घरच्याच आहेत, वेगळं बिऱ्हाड नाही, असं लिहितो. मग मालकाच्या राहत्या घराचा दर लागेल. तोही कमीच.”

“पर आमी येगळ्या हाव की.”

मागे कुणीतरी खुसखुसले. साहेबांनी पेन खाली ठेवले. “बाई, त्या नाहीत असंही म्हणत नाही, तुमच्या आहेत असंही म्हणत नाही. मी लिहू काय? दुसरी चूल पेटवतं कोण?”

“मीच.”

“स्वयंपाकाला?”

“न्हाय.”

“मग कशाला?”

मुंग्यांचे उत्तर मला पाठ होते. ते त्या देतील असे वाटले. त्यांनी दिले नाही. “सायेब, इझलेली चूल घरात कवा असते?” त्या हळू म्हणाल्या. “मयत झालं की. ती जिती हाय.”

ओसरीवरचे हसू थांबले.  मग साहेब म्हणाले की एकाच्या तोंडी दुसऱ्याच्या हक्काचे असे लिहून घेणे त्यांनाही बरे वाटत नाही. पुढच्या महिन्यात शेवटची बैठक आहे. तोवर हे प्रकरण मोकळे ठेवतो. जावेला घेऊन या. दोघींनी समोर उभे राहून सांगितले की आम्ही एका घरच्या, तर पट्टी पहिल्यासारखी करतो. नाही आलात तर नोंद आहे तशी कायम.

परत येताना मी खुशीत होतो. मला हे फार चांगले झाले असे वाटत होते. अक्कलकोट रोड स्टेशनापर्यंत आगगाडी जाते, तिथून पुढे बैलगाडी मिळते. इतके दिवस जायला निमित्त नव्हते, आता सरकारने ते दिले होते. रुसवा सोडला असे कुणी म्हणणार नाही, कचेरीचे काम म्हणून जायचे. मी हे सगळे त्यांना समजावले. शिवबाई चालत राहिल्या. तलावाच्या काठाने आलो तेव्हा एकदा थांबल्या, पाण्याकडे पाहिले, पुन्हा चालू लागल्या.

पुढच्या मंगळवारी महानंदाचा भाऊ पंचाक्षरी बाजारात मिरच्या घेऊन आला. तो नेहमी शिवबाईंच्या पाटीशेजारीच पोते टाकतो. त्यांचे बोलणे ठरलेले असे. पाऊस, मिरचीचा भाव, बैल. उठताना शिवबाई एक पुडी बांधून देत, “घरच्यांना,” म्हणत. कुणाचे नाव नाही. तो “बरी हाय,” म्हणे. कोण, ते तोही सांगत नसे. त्या दिवशी मी मुद्दाम तिथे जाऊन बसलो आणि कचेरीचे सगळे त्याला सांगितले. शिवबाई लसणाच्या पाकळ्या निवडत होत्या, जणू दुसऱ्या कुणाचे बोलणे चालले आहे.

“मी सांगतो तिला,” पंचाक्षरी म्हणाला. “पर ती येईल असं वाटत न्हाय. तुमी एकदा या की, अक्का.”

“तू सांग. सरकारी काम हाय म्हण.”

“सांगून बगितलंय. मागं एकदा सवता म्हणालो, जा घरी, तुजी खोली हाय तितं. तर म्हणाली, दुसऱ्याच्या तोंडचं बोलावणं मला नको. जिनं बोलवायचं तिनं बोलवावं.”

“असं म्हणाली?”

“व्हय.”

“आनखी काय म्हणाली?”

पंचाक्षरीने आठवून पाहिले. “म्हणाली, तिला माजं नाव तरी ठावं हाय का इचार.”

शिवबाईंच्या हातातली पाकळी तशीच राहिली. मग त्या हसल्या, अगदी थोड्या, आणि पुडी बांधायला घेतली. त्या दिवशी पुडी नेहमीपेक्षा मोठी होती.

दोन आठवडे गेले. एकदा त्यांनी धुवट लुगडे नेसले, गाठोडे बांधले, आणि मी त्यांना स्टेशनावर पोहोचवले. तिकीट काढून दिले. बायकांच्या डब्यात खिडकीशी बसवले. गाडी सुटायला वेळ होता म्हणून मी पाणी आणायला नळाकडे गेलो. परत आलो तर शिवबाई फलाटावर उभ्या होत्या, गाठोडे काखेत.

“काय झालं?”

“काई न्हाय. चल घरी.”

“अहो, तिकीट काढलंय!”

“असू दे. तम्मा, रागवू नगंस. आजच्याला जमत न्हाय.”

गाडी गेली. आम्ही पायी आलो. मी रागाने चार पावले पुढेच चालत होतो.

शेवटच्या बैठकीला आम्ही दोघेच गेलो. साहेबांनी आमच्या मागे कुणी आहे का ते पाहिले. नोंद कायम झाली. शिवबाईंनी पट्टी भरली. आता त्या सकाळी आणखी लवकर उठतात आणि चटणी दुप्पट करतात. एक पाटी बाजारात नेतात, दुसरी मी सायकलवरून गिरणीच्या दाराशी एका दुकानात पोहोचवतो. नकाशा त्यांनी पेटीत ठेवला आहे. माझी मेहनत फुकट गेली असे मी एकदा म्हणालो तर त्या म्हणाल्या, “फुकट कशी? पट्टी दोघींची भरतेय मी. तिच्या खोलीची पावती माज्याकडं हाय. कुणी रिकामी म्हणूदे आता.”

परवा पाटी उचलायला गेलो तेव्हा त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. माझ्या नोकरीचा हुकूम आला आहे, कुर्डुवाडीकडे जावे लागणार, हे मी सांगितले. “बरं झालं,” म्हणाल्या. “आई एकटी ऱ्हाईल तुजी.” “बाबा आहेत की,” मी म्हणालो. “व्हय, हायत की,” म्हणाल्या.

मग मी विचारले, त्या दिवशी गाडीतून का उतरलात?

 बोळातून कुणीतरी गेले, त्याला त्यांनी हात केला.

“बसले होते रं,” त्या म्हणाल्या. “मनात सगळं जुळवत होते. उतरायचं, बैलगाडी करायची, तिच्या दारात जायाचं. ती भाकऱ्या थापत असंल. मला बगंल. एवढ्यापतुर आलं सगळं.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. डोळे कोरडे होते. “आमी लगीन होऊन आलो तवा मी तिला नंदे म्हणत होते. आता ती म्हातारी झाली. नंदे म्हणलं तर तोंड फिरवंल. महानंदाबाई म्हणलं तर ती परक्याची हाक झाली. तू एवढं शिकलास, मला एवढं सांग तम्मा. दारात उभं ऱ्हायल्यावर पयला शबुद काय बोलायचा?”